शितं किती दाबायची?

भात झाला का हे बघायला माझी आई पातेल्यातलं एक शीत काढायची, दोन बोटांत दाबायची आणि म्हणायची, "झाला. पानं घ्या." एकच शीत. ते पातेल्याच्या कुठल्या कोपऱ्यातलं, एकूण शितं किती, शेजारच्या शिताचं मत वेगळं असलं तर काय, असले प्रश्न तिला कधी पडले नाहीत. आणि तिचा भातही कधी कच्चा निघाला नाही. त्याच आईच्या नातीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, गेल्या हिवाळ्यात सांगलीहून फोन करून मला विचारलं, "मामा, किती माणसांना विचारलं म्हणजे माझा प्रोजेक्ट शिजेल?"

भाची एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. विषय होता, 'गुळाच्या चहाबाबत ग्राहकांची पसंती : सातारा व सांगली शहरांच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास'. आपल्याकडे 'विशेष संदर्भात' आणि 'चिकित्सक' या दोन शब्दांशिवाय बाइंडिंगवाला प्रबंध हातात घेत नाही. विषय मात्र धाडसाचा होता. ज्या दोन जिल्ह्यांत दर दहा-वीस किलोमीटरवर साखर कारखान्याची चिमणी दिसते, तिथं जाऊन 'तुम्हाला चहा साखरेचा आवडतो की गुळाचा' असं विचारायचं, म्हणजे सासरी बसून माहेरच्या स्वयंपाकाचं कौतुक करण्यासारखं.

किती माणसं, या प्रश्नाला उत्तरं पुष्कळ होती. मार्गदर्शक सर म्हणाले, "तीस घे. तिसाच्या वर गेलं की मोठा नमुना धरतात." शेजारचा एमबीए झालेला दादा म्हणाला, "शंभर घे. टक्केवारी काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही." तिची आजी, म्हणजे वडलांची आई, म्हणाली, "एकालाच विचार, पण शहाण्याला." सर्वांत ठोस आकडा झेरॉक्सवाल्यानं दिला. दीडशेच्या पुढं प्रती काढल्या तर तो पानामागं पंचवीस पैसे कमी घेणार होता. महाराष्ट्रातल्या बऱ्याच संशोधनांचे नमुने याच शास्त्रीय पद्धतीनं ठरले असावेत, असा माझा अंदाज आहे.

मी कराडचा. सातारा आणि सांगली यांच्या मधोमध बसलेला माणूस म्हणून दोन्हीकडचे तंटे माझ्याकडे येतात. शिवाय नोकरीत असताना माझा आकड्यांशी संबंध आला होता, म्हणजे मी कारकून होतो. मी तिला म्हटलं, "अगं, याचं सूत्र आहे." आणि तिथंच फसलो.

सूत्राला तीन गोष्टी लागतात. पहिली, खात्री किती हवी. रिवाज पंच्याण्णव टक्क्यांचा. म्हणजे असे शंभर सर्व्हे केले तर पंच्याण्णव वेळा तुमचं उत्तर ठरलेल्या मर्यादेत बसेल आणि पाच वेळा तोंडघशी पडायची अधिकृत मुभा. या खात्रीचा आकडा १.९६. दुसरी, चूक किती चालेल. समजा, पाच टक्के इकडं-तिकडं. तिसरी, लोक किती विभागलेले आहेत. हे माहीत नसेल तर निम्मे-निम्मे धरायचे, म्हणजे 'आपल्याला यातलं काहीही कळत नाही' असं कबूल करून ०.५ लिहायचं. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडं कुणीही लिहील. तिसरीपाशी पेन अडतं. कृष्णाकाठचा माणूस महाबळेश्वरपासून हरिपूरपर्यंत कुठल्याही विषयावर 'मला माहीत नाही' असं म्हणाल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही.

तरी आम्ही नम्रपणे ०.५ लिहिलं. १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर आलं ३८४.१६.

"मामा, हा पॉइंट सोळा माणूस कुठून आणू?"

काही पुस्तकं हा दशांश माणूस सोडून देतात आणि ३८४ लिहितात, काही त्याला पूर्ण माणूस मानून ३८५ करतात. मी म्हटलं, तू आधी तीनशे चौऱ्याऐंशी गोळा कर, पॉइंट सोळाचं मग बघू. चूक पाचाची अडीच टक्के करायची असेल तर माणसं दुप्पट नाहीत, चौपट लागतात, १५३७. एक टक्क्यावर आणायची तर ९६०४. हे ऐकल्यावर भाचीची पाच टक्के चुकीवर एकदम श्रद्धा बसली. खरं तर दोन गावांची तुलना करायची तर दोन्हीकडं वेगवेगळे ३८५ हवेत. हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "मामा, हे सरांसमोर बोलू नकोस." मग साताऱ्यात १९२, सांगलीत १९२ असा समेट झाला.

हा ३८५ चा आकडा मी प्रीतिसंगमावरच्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर सांगितला आणि घाटावर खळबळ उडाली. कृष्णा आणि कोयना जिथं समोरासमोर येऊन भेटतात, त्या ठिकाणी रोज सकाळी आम्ही सात-आठ निवृत्त लोक समोरासमोर येऊन भांडतो. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्हा ३० लाख ३ हजार ७४१, सांगली २८ लाख २२ हजार १४३. "म्हणजे साताऱ्याला ३८५, सांगलीलाही ३८५?" एकानं विचारलं. मी म्हटलं, हो. "आणि महाराष्ट्राला?" तेवढेच. "आणि देशाला?" तेवढेच. "मग आपल्या साताऱ्याची किंमत काय राहिली?" त्यांचा चेहरा असा झाला, की जणू मीच छत्रपतींची गादी तालुक्याच्या पातळीवर आणली.

मी समजावलं. लॅबवाला रक्त तपासायला घेतो तेव्हा समोर हिंदकेसरी पैलवान असो की माझ्यासारखा काडीपैलवान, बाटली तेवढीच भरतो. पैलवानाचं रक्त जास्त म्हणून बादली लावत नाही. लग्नाच्या पातेल्यातलं शीतही तेवढंच असतं आणि एकट्या म्हाताऱ्याच्या गंजातलंही. गंमत उलट टोकाला आहे. एक हजार वस्तीचं गाव असेल तर सूत्र कमी करून २७८ वर येतं. चाळीस बिऱ्हाडांची सोसायटी असेल तर छत्तीस-सदतीस दारं वाजवावी लागतात. उरलेले तीन-चार म्हणणार, "आम्हाला का नाही विचारलं?" आणि मेन्टेनन्स भरायचं बंद करणार. म्हणून सोसायटीत सॅम्पल घ्यायचं नसतं, जनगणनाच करायची असते.

प्रत्यक्ष काम सुरू झालं ते सांगलीच्या मारुती चौकात. एका रविवारी मीही गेलो होतो, भाचीच्या सोबतीला. माणसं उत्तर द्यायला नकार देतात म्हणून जास्तीचे फॉर्म धरावेत असं पुस्तकात लिहिलंय. आमच्याकडं नकार कुणीच दिला नाही. फक्त उत्तर विचारलेल्या प्रश्नाचं दिलं नाही.

"काका, तुम्ही चहा गुळाचा घेता की साखरेचा?"

"तू कुणाची गं?"

तिनं वडलांचं नाव सांगितलं.

"मूळ गाव?"

तेही सांगितलं.

"म्हणजे तासगावकडचे. मग ते यार्डात अडतीला असलेले तुझे कोण?"

पुढची दहा मिनिटं काका प्रश्न विचारत होते आणि भाची उत्तरं देत होती. आडनाव, शिक्षण, पुढं काय करणार, लग्नाचं काय. काकांचा सर्व्हे पूर्ण झाला, नमुना एक, चूक शून्य. जाताना ते म्हणाले, "चहा होय? मी कॉफी पितो."

साताऱ्यात पोवई नाक्यावर वेगळा अनुभव. गुळाच्या चहाच्या टपरीवर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा दुसरा कप मारत उभे होते. भाचीनं विचारताच ते इकडं-तिकडं बघून म्हणाले, "साखर लिही. कारखान्याचा सभासद हाय मी. चेअरमनच्या हाती गेलं तर मग?" नाव लिहीत नाही, असं तिनं तीनदा सांगितलं. तेव्हा आजोबांनी हळूच गुळापुढं खूण करायला लावली आणि तिसरा कप मागवला. त्या एका खुणेवर मी खूश झालो. बाकी एकशे एक्क्याण्णव सातारकरांनी खरं सांगितलं की टोपी सांभाळली, हे कुठल्या सूत्रातून काढायचं? पाच टक्के चूक धरली आहे ती आकड्याची. भिडेची चूक किती टक्के, यावर पुस्तकं गप्प आहेत.

रोज पन्नास जणांच्या मागं फिरून पोरीचे पाय दुखले तेव्हा तिनं प्रश्नावली मोबाइलवर टाकली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सोडली. सकाळी उठून बघते तर एकसष्ट उत्तरं. दोन माम्या, तीन आत्या, नाशिकचे काका (दोनदा, कारण पहिल्यांदा गेलं की नाही याची त्यांना खात्री नव्हती) आणि अमेरिकेतली एक वहिनी. गुळाचा चहा सत्त्याण्णव टक्के लोकांना आवडतो, असा निष्कर्ष निघाला. पोरीचा प्रोजेक्ट आहे म्हटल्यावर कोण साखर लिहील?

मी तिला १९३६ ची अमेरिकेतली गोष्ट सांगितली. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या मासिकानं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या आणि मासिकानं छातीठोकपणे सांगितलं, लँडन जिंकणार. रूझवेल्ट प्रचंड बहुमतानं आले. गॅलप नावाच्या गृहस्थानं सुमारे पन्नास हजारांना विचारून बरोबर सांगितलं होतं. मासिकानं पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, म्हणजे त्या मंदीच्या दिवसांत ज्यांच्याकडं फोन आणि गाडी होती त्यांचे. वीस लाख शितं दाबली, पण सगळी वरच्या थरातली. तळाला भात कच्चा होता. भाचीनं एकसष्ट उत्तरं पुसली आणि अमेरिकेतल्या वहिनीला खोटंच कळवलं, "तुमचा फॉर्म फार उपयोगी पडला."

वरच्या थराचं प्रकरण भावोजींना, म्हणजे तिच्या वडलांना, न सांगता कळतं. ते सांगलीच्या मार्केट यार्डात. हळदीचं पोतं पुढं आलं की खरीददार वरचं हळकुंड बघत नाही. वर काय ठेवायचं हे पाठवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, मधलं हळकुंड काढतो, मोडतो आणि आतला रंग बघतो. बेदाण्याच्या सौद्यात प्रत्येकजण पेटीतून मूठ उचलतो, दोन दाणे तोंडात टाकतो. "नमुना किती घ्यावा हे कुणी ठरवत नाही," भावोजी म्हणाले. "पण जास्त झाला की शेतकऱ्याच्या डोळ्यांत दिसतो." नमुन्याच्या आकाराची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही.

माझा खरा गुरू मात्र कट्ट्यावरच निघाला. आमच्यात एक निवृत्त सर्कल, म्हणजे महसुलातले मंडळ अधिकारी, आहेत, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. आयुष्यभर त्यांनी पीक कापणी प्रयोग केले. गावात कुठल्या रानात जायचं हे चिठ्ठी ठरवते, आपण नाही. रानाच्या नैऋत्य कोपऱ्यातून किती पावलं आत जायचं हेही आकडा ठरवतो. तिथं दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा दोरीनं आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं. त्या तुकड्यावरून मंडळाचं उत्पन्न. "आणि गंमत बघा," भाऊसाहेब म्हणाले, "पीक विम्यासाठी गेलो की त्याच रानातली ज्वारी रोडावलेली असायची आणि पीक स्पर्धेसाठी गेलो की तीच दाणेदार. आम्ही दोरी धरून बसायचो आणि मालक त्याच्या इच्छेनं दोरी ओढायचा."

"आणि काठावरचं ताट?" मी विचारलं.

भाऊसाहेबांचे डोळे चमकले. ज्वारीचं ताट दोरीवर उभं आहे, निम्मं आत, निम्मं बाहेर, वर भरघोस कणीस. धरायचं की सोडायचं? "माणसाचा हात मोठा वाईट," ते म्हणाले. "चांगलं कणीस दिसलं की तो आतच घेतो. आणि यावर आपल्या खटावच्या माणसानं भल्याभल्यांशी वाद घातलाय."

तो माणूस म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, खटाव तालुक्यातलं बुध गाव. पुण्यात शिकले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३६ ला डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन देशाच्या शेतीचे आकडे मोजायच्या कामाला लागले. तेव्हा कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस म्हणजे या विषयातलं बडं प्रस्थ. त्यांचं म्हणणं, कापायचा तुकडा लहानसा गोल घ्या, म्हणजे स्वस्तात पुष्कळ तुकडे होतील. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की तुकडा लहान केला की त्याच्या मानानं काठ वाढतो, काठ वाढला की काठावरची ताटं वाढतात, ती आत ओढली जातात आणि कागदावर देशाचं धान्य फुगतं. तुकडे कितीही वाढवा, ही सूज उतरत नाही. त्यापेक्षा तुकडा मोठा घ्या, थोडे घ्या आणि काम गावोगावच्या नेहमीच्या सरकारी माणसांकडून करवून घ्या. "म्हणजे आमच्याकडून," भाऊसाहेब छाती काढून म्हणाले. पुढं १९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले, तिथला संख्याशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला आणि १९५४ साली नमुना पाहणीवरचं त्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. खटावच्या कोरडवाहू रानातून निघालेल्या या माणसानं जगाला सांगितलं ते थोडक्यात असं, की किती मोजलं याच्या आधी, दोरी कोण धरतंय ते बघा.

हे ऐकून मी भाचीला फोन लावला. "३८४ चा फार अभिमान बाळगू नकोस. तुझ्या आजीचं एक शीत पुरायचं, कारण पाण्यानं सगळा भात एकसारखा उकळलेला असायचा. माणसं तशी उकळत नाहीत." सातारा जिल्ह्याचंच बघा. महाबळेश्वरला पावसाळाभर छत्री वाळत नाही आणि त्याच जिल्ह्यात माणच्या माळावर ढग नुसते बघून जातात. दोघांची सरासरी काढून पीक ठरवलं तर एक बुडेल आणि दुसरा करपेल. म्हणून आधी थर पाडायचे, प्रत्येक थरातून थोडे घ्यायचे. याला पुस्तकात स्तरित नमुना म्हणतात.

भाची हुशार. ती म्हणाली, "पण मामा, आयर्विनला तर एकच पट्टी आहे." तिचं बरोबर होतं. पावसाळ्यात आख्खी सांगली आयर्विन पुलाच्या एका पट्टीवर जगते. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा 'नमुना एकच आहे, आणखी ३८४ ठिकाणी मोजा' असं कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनी गाद्या माळ्यावर टाकल्या. पाणी सगळीकडं एका पातळीत उभं राहतं, म्हणून त्याला एक पट्टी पुरते. माणसं कधी एका पातळीवर उभी राहतात? चहाच्या टपरीवरसुद्धा नाही.

मार्चमध्ये मी सांगलीला गेलो तेव्हा तीनशे चौऱ्याऐंशी फॉर्म भरून झाले होते. पोरीनं थर पाडले होते. सकाळचे, संध्याकाळचे, बायका, पुरुष, स्टँडवरचे, पेठेतले. एकही फॉर्म तिनं रात्री घरात बसून चार रंगांच्या पेनांनी भरला नव्हता. माझ्या विद्यार्थिदशेतल्या काही थोर प्रबंधांचा नमुना असाच एका रात्रीत दुप्पट झालेला मला ठाऊक आहे.

"मामा, आता फक्त पॉइंट सोळा राहिला." ती माझ्याकडं टक लावून बघत होती.

"मी कराडचा. तुझी शहरं सातारा आणि सांगली. मी बाहेर."

"तू काठावरचं ताट आहेस."

"मग नियम लाव. ताटाचं निम्म्याहून जास्त मूळ आत असेल तरच धरायचं."

"मूळ गाव?" तिनं मारुती चौकातल्या काकांच्या आवाजात विचारलं.

"सातारा," मला सांगावं लागलं. "पण कणीस कराडात झुकलंय. आणि मला मधुमेह आहे, डॉक्टरांनी चहा बंद केलाय. बहिणीच्या कपातला एक घोट, तोही ती पाठमोरी असताना."

भाचीनं कप उचलून बघितला, बोटं मोजली. "एका कपात सहा घोट. म्हणजे एक घोट पॉइंट सोळा. मामा, तूच तो!" तिनं पेन सरसावलं. "आता सांग, गूळ की साखर?"

मी आठवू लागलो. घोट मी घेतला होता, पण घाईत, स्वयंपाकघराच्या दाराकडं डोळे लावून. चव बघायला वेळ कुणाला होता?

"माहीत नाही," मी म्हटलं.

दोन जिल्ह्यांत, चार महिन्यांत, हे उत्तर देणारा मी पहिलाच. प्रश्नावलीत त्याला चौकट नव्हती. भाचीनं थोडा विचार केला आणि कागदाच्या अगदी काठावर, पुसता येईल अशी, पेन्सिलीनं एक बारीक खूण केली.